राखणीला जाणाऱ्याने मच्छरदाणी कुठं बांधायची?

त्या दिवशी मी एका गावात मलेरियावर चाळीस मिनिटं बोलले. फ्लिपचार्टवर डासाचं जीवनचक्र दाखवलं, मच्छरदाणी अंथरुणाखाली कशी खोचायची ते दाखवलं, ताप आला की चोवीस तासांच्या आत तपासणी का करायची ते सांगितलं, समोर माना हलत होत्या, मला वाटलं काय झकास मीटिंग चाललीय. शेवटी विचारलं, कुणाला काही शंका? तर मागे भिंतीला टेकून बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, "बाई, पीक हाताशी आलं की माझी दोन्ही पोरं महिनाभर रात्री शेतावर राखणीला असतात. तिथं मच्छरदाणी कशाला बांधायची, आभाळाला?"

सगळे हसले. मीपण हसले, पण उत्तर नव्हतं माझ्याकडे. फ्लिपचार्टच्या सगळ्या पानांत राखण कुठंच नव्हती.

मलेरियाच्या कामातली माझी ती सुरुवातीची वर्षं, आणि खरं सांगायचं तर तोपर्यंत 'लोकसहभाग' या शब्दाचा अर्थ मला एवढाच कळला होता की आपण सांगायचं आणि लोकांनी करायचं. फवारणीवाले आले की घर उघडून द्या, मच्छरदाणी मिळाली की सही करा, बोट पुढे करा, गोळ्या गिळा. लोकांनी केलं तर रिपोर्टमध्ये 'ग्रामस्थांचा उत्स्फूर्त सहभाग', नाही केलं तर 'जनजागृतीचा अभाव'. दोन्ही वाक्यं मी स्वतः लिहिलीयत, आणि आता दुसरं वाक्य कुठं वाचलं की चिडचिड होते.

आधी जरा डासाबद्दल, कारण ते कळल्याशिवाय हा आजार एकट्यादुकट्याने का आवरत नाही ते लक्षात येत नाही. मलेरिया पसरवते ती अॅनोफिलीस डासाची फक्त मादी, आणि ती चावते बहुतेक करून अंधार पडल्यापासून पहाटेपर्यंत. तिने आजारी माणसाचं रक्त प्यायलं म्हणजे लगेच ती दुसऱ्याला आजार देते असं नाही. जंतू तिच्या पोटात वाढून लाळेपर्यंत पोचायला साधारण दहा-बारा दिवस जातात, हवा थंड असेल तर आणखी जास्त. आता डासाचं आयुष्य ते केवढं! बऱ्याचशा माद्या तेवढे दिवस जगतच नाहीत, ज्या थोड्या म्हाताऱ्या होईपर्यंत टिकतात त्याच खऱ्या धोक्याच्या. म्हणजे सगळे डास संपवायची गरजच नाही, त्यांचं आयुष्य चार-सहा दिवसांनी कमी झालं तरी साखळी तुटते. औषध मुरवलेली मच्छरदाणी नेमकं हेच करते, ती नुसता आडोसा नाही, आत झोपलेल्या माणसाच्या वासाने ओढली गेलेली मादी जाळीवर बसते आणि मरते. म्हणून ज्या गावात बहुतेक घरं मच्छरदाण्या वापरतात तिथं न वापरणाऱ्यांनाही थोडंफार संरक्षण मिळतं, आणि जिथं चार घरंच वापरतात तिथं त्या चार घरांनाही म्हणावा तसा फायदा होत नाही. हे मी एकदा सांगत होते तर एक काका म्हणाले, "म्हणजे माझ्या जाळीवर मेलेला डास उद्या याच्या घरी जाणार होता. आणि हा माझ्याशी बांधावरून भांडतो!" तेव्हापासून मी जीवनचक्राचं चित्र कमी दाखवते आणि काकांचं वाक्य जास्त वापरते.

आणि मच्छरदाणी ही काही किरकोळ गोष्ट नाही बरं. 2000 ते 2015 या काळात आफ्रिकेत मलेरियाच्या जवळपास 66 कोटी केसेस टळल्या असा अभ्यास आहे, आणि त्यातल्या दोन तृतीयांशाहून जास्त या साध्या जाळीमुळे. पण ती अंगावर पाहिजे ना, पेटीत घडी घालून ठेवलेली नको.

पेटीत का राहते याची कारणं मी आधी 'अज्ञान' या एका खान्यात टाकायचे. नंतर घरात जाऊन बसायला लागले तेव्हा कळलं की कारणं सगळी व्यवहाराची आहेत. नवी जाळी पाकिटातून काढली आणि त्याच रात्री बांधली की तोंडाची आग होते, कारण ती आधी दिवसभर सावलीत वाऱ्यावर टाकायची असते हे वाटणाऱ्याने सांगितलंच नाही. चौकोनी जाळीला चार टोकं लागतात आणि घराला धड दोनच खुंट्या आहेत. उकडतं. दोन माणसांमागे एक असा हिशोब कागदावर बरोबर, पण पाच माणसांच्या घरात कोण कुणाशेजारी झोपतं हे गणिताने ठरत नाही, सून आणि सासरा एका जाळीत कसे झोपणार? मग त्यात एखादा पाहुणा. आणि जाळीने मासे धरतात म्हणून लोकांना नावं ठेवणारे खूप भेटतात, पण मी पाहिलेल्या त्या जाळ्या बहुतेक जुन्या, भोकं पडलेल्या, औषध उतरलेल्या, म्हणजे फेकायच्याच लायकीच्या होत्या. (तरी ओढ्यात त्या वापरायच्या नाहीत, धुवायच्यापण नाहीत, ते औषध माशांना विषारी असतं. आणि धुतल्यावर उन्हात नाही, सावलीत वाळवायची, उन्हाने औषधाचा जोर जातो. हे बायकांना सांगितलं की पटकन पटतं, कारण उन्हाने कपड्याचा रंग उडतो हे त्यांना माहीतच असतं.)

फवारणीचंही तसंच. घराच्या आतल्या भिंतींवर औषध मारायचं, डास रक्त पिऊन भिंतीवर बसला की मेला, हे तत्त्व चांगलं आहे, पण गावातली निदान ऐंशी टक्के घरं झाली तरच त्याला अर्थ. आणि फवारणी म्हणजे घरातलं सगळं सामान, धान्य, भांडी, अंथरुणं बाहेर काढायची. टीम न सांगता सकाळी नऊला येणार, तेव्हा घरातली मोठी माणसं शेतात गेलेली, घराला कडी, आणि यादीत शेरा 'नकार'. नकार कसला, घरात माणूसच नव्हता! एका गावात तर फवारणी झाल्यावर पंधरा दिवसांनी बायकांनी भिंती लिंपून काढल्या. औषध मातीखाली गेलं, डास वर निवांत बसलेले. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं की भिंती कधी लिंपता. पुढच्या खेपेला तारीख गावाने ठरवली, आधी लिंपण, मग फवारणी, आणि टीम पहाटे आली, सामान उचलायला आळीतली पोरं. एवढंच केलं. बंद घरं दोन-चारच राहिली.

आता त्या राखणीवर येते.

त्या म्हाताऱ्या बाईंचा प्रश्न मी आमच्या मीटिंगमध्ये मांडला तर एक साहेब म्हणाले, तो आपल्या कार्यक्रमात बसत नाही. बरं. मग मी परत त्याच गावात गेले, यावेळी फ्लिपचार्ट न घेता. बायकांना म्हटलं मला गाव दाखवा. त्यांनी अंगणात काठीने गाव काढलं, ओढा, पायवाट, घरं, शेतं, विहीर, आणि मग गेल्या दोन महिन्यांत ज्या घरात थंडीताप झाला त्या घरावर एकेक खडा ठेवायला लागल्या. आठवून आठवून, एकमेकींना खोडून काढत, "अगं तो ताप नव्हता, तो दारूचा होता", असं करत तासभर गेला. मला वाटलेलं खडे ओढ्याच्या वळणावरच्या घरांवर पडणार, आणि तिथं पडलेच. पण दुसरा ढीग गावाच्या अगदी दुसऱ्या टोकाला पडला, जिथं पाणीच नाही. सगळ्या गप्प झाल्या. मग एकजण म्हणाली, "ही सगळी राखणीवाल्यांची घरं." जंगलाला लागून असलेली शेतं या घरांची, त्यांचे पुरुष रात्री तिकडे, डास तिथले, आणि ताप घेऊन ते इकडे येणार. मग त्यांच्या रक्तातले जंतू इथल्या डासांना.

हे मला कुठल्या रजिस्टरात दिसलं असतं? रजिस्टरात गावाचं नाव आणि आकडा असतो, बस.

उपायपण त्यांनीच काढला. एका पोराने चार काठ्या रोवून वर सुतळी ताणून माचावर एकाच्या मापाची जाळी बसवली, खालची कडा दगडांनी दाबली. दिसायला ओबडधोबड, पण झकास चालली. नंतर वाचताना मला कळलं की व्हिएतनाम आणि कंबोडियाकडे जंगलात कामाला जाणाऱ्यांसाठी झोळीवर बसेल अशा औषधी जाळ्या मुद्दाम बनवून देतात, म्हणजे हा प्रश्न जगात आधीच कुणाला तरी पडलेला होता, फक्त आमच्या फ्लिपचार्टला पडला नव्हता. आणि जाळीने सगळं भागत नाही, जागा माणूस जाळीत बसून थोडीच राखण करणार, म्हणून दुसरी गोष्ट ठरली की राखणीवरून परतलेल्या प्रत्येकाने त्या महिन्यात जरा अंग मोडून आलं तरी रक्त तपासायचं, ताप चढायची वाट बघायची नाही.

रक्त कोण तपासणार? इथं खरी गंमत आहे. मलेरियाचा फाल्सिपेरम हा प्रकार असला तर लहान मुलाला ताप आल्यापासून एक-दोन दिवसात ते गंभीर होऊ शकतं, मेंदूपर्यंत जातं. दवाखाना चार तासांवर, मध्ये पाऊस, ओढ्याला पाणी. त्यामुळे गावातच तपासणी आणि गावातच औषध याला दुसरा इलाज नाही. आणि ही काही मोठी डॉक्टरकी नाही. आमच्या एका कार्यकर्तीने केलेली पहिली तपासणी मला अजून डोळ्यासमोर आहे, रात्री साडेनऊ, बॅटरीच्या उजेडात, चार वर्षांचं पोर आईच्या मांडीवर तापाने फणफणलेलं. हिने त्याचं बोट पुसलं, कोरडं होऊ दिलं, टोचलं, रक्ताचा एवढासा थेंब पट्टीच्या खाचेत सोडला, दुसऱ्या खाचेत द्रावणाचे थेंब मोजून टाकले, आणि मोबाईलवर वेळ लावून बसली. तो पाऊण तासाएवढा वाटलेला पाव तास. एक रेघ आली, ती यायचीच असते, पट्टी चालू आहे एवढंच ती सांगते. आम्ही दुसरीकडे बघत होतो. दुसरी आली, फिकट. मला म्हणाली, "ताई, फिकट म्हणजे थोडा मलेरिया का?" म्हटलं फिकट असो गडद असो, रेघ म्हणजे रेघ. तिने वयाचा तक्ता काढून गोळी मोजली, चुरून पाण्यातून पाजली, अर्धा तास थांबली ओकतोय का बघायला. तीन दिवसांचा कोर्स, पण पोर दुसऱ्याच दिवशी अंगणात खेळायला लागलं आणि आई म्हणाली आता कशाला गोळ्या, उरलेल्या पुढच्या वेळेला ठेवते. ही बाई रोज जाऊन समोर गोळी द्यायची आणि रिकामं पाकीट परत घ्यायची. हे ट्रेनिंगमध्ये नव्हतं, तिचं तिने सुरू केलं, कारण तिला गावातल्या घराघरातली फळी माहीत होती, कुठल्या फळीवर कुठल्या आजाराच्या उरलेल्या गोळ्या आहेत सगळं. व्हायवॅक्स प्रकाराचा कोर्स तर चौदा दिवसांचा, कारण त्याचे जंतू यकृतात दडून बसतात आणि महिन्यांनी पुन्हा उठतात. चौदा दिवस बऱ्या झालेल्या माणसाला गोळी घ्यायला लावणं हे शेजारीणच करू शकते, तिथं डॉक्टरचं काम नाही.

आयांच्या हातात औषध देण्यावर नाक मुरडणारे लोक मला नेहमी भेटतात. त्यांना मी इथिओपियातल्या टिग्रेची गोष्ट सांगते. तिथं गावातल्याच काही आयांना निवडून शिकवलं की ताप कसा ओळखायचा आणि घरी गोळी कशी द्यायची, आणि त्यांनी शेजारणींना शिकवलं. 2000 साली त्याचे निकाल छापून आले, शिकवलेल्या भागात पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू 40 टक्क्यांनी कमी. तेव्हा घरी तपासायची पट्टीपण नव्हती आणि औषध साधं क्लोरोक्विन. आज जगात मलेरियाने जे मृत्यू होतात, 2023 साली 5 लाख 97 हजार, त्यातले बहुसंख्य आफ्रिकेत आणि तेही पाच वर्षांच्या आतली पोरं. मग अजून आपण आईवर विश्वास ठेवायचा का नाही यावर चर्चा करतोय.

आपल्या देशातलं उदाहरण म्हणजे ओडिशा. 2017 पासून तिथं दुर्गम पाड्यांवर शिबिरं लावायला सुरुवात झाली, 'दुर्गम अंचलरे मलेरिया निराकरण', म्हणजे आद्याक्षरांनी 'दमन', नाव ठेवणाऱ्याला शंभर मार्क. तिथली खास गोष्ट ही की ताप नसलेल्यांचंही रक्त तपासलं. कारण जिथं मलेरिया वर्षानुवर्षं मुक्कामाला आहे तिथं मोठ्या माणसांच्या अंगात जंतू असतात आणि त्यांना कळतही नाही, ते हिंडतफिरत असतात आणि डासांना जंतू पुरवत असतात. राज्यात 2016 ला साडेचार लाखांच्या घरात केसेस होत्या, 2018 ला त्या 66 हजारांवर आल्या. धडधाकट माणसाला सुई टोचून घ्यायला राजी करणं किती अवघड असतं हे मी केलंय म्हणून सांगते, आणि ते बाहेरून आलेल्याला जमत नाही. आशा कार्यकर्तीला जमतं, कारण ती त्यांची वहिनी किंवा भाची असते.

एक मात्र मला बोलायचंच आहे, ते म्हणजे झाडू. कुठंही मलेरियाचा कार्यक्रम म्हटला की सगळे झाडू घेऊन गटार साफ करतानाचे फोटो. गटार जरूर साफ करा, पण गटारातला डास बहुधा क्युलेक्स, तो मलेरिया देत नाही. अॅनोफिलीसला बहुतेककरून बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागतं, ओढ्याच्या कडेचं संथ पाणी, शेतातलं डबकं, पावसाने भरलेले गुरांच्या खुरांचे ठसे. आम्ही एकदा शाळेतल्या पोरांना पांढऱ्या वाट्या देऊन अळ्या शोधायला पाठवलं. अॅनोफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला चिकटून आडवी राहते, क्युलेक्सची डोकं खाली करून तिरकी लटकते, हे पोरांना एकदा दाखवलं की ती आयुष्यात विसरत नाहीत, मला येऊन सांगायची "ही झोपलेली आहे, ही लटकलेली आहे". खुरांच्या ठशात झोपलेल्या सापडल्या. आता गुरांनी चालायचं बंद करा असं सांगणार का? म्हणून डबकी बुजवणं तिथंच उपयोगी जिथं ती थोडी, ठरलेली आणि सापडण्याजोगी आहेत. खेड्यात, जंगलाकडे, पावसाळ्यात, ती तशी नसतात. तिथं सगळा जोर झाडूवर लावणं म्हणजे गावाचे श्रम वाया घालवणं, आणि एकदा वाया गेले की लोक पुढच्या वेळेला येत नाहीत, बरोबरच आहे त्यांचं.

कार्यकर्तीला काय मिळतं हा प्रश्न मी मुद्दाम शेवटाकडे ठेवलाय कारण त्यावर लिहायला बसले तर थांबणार नाही. मानधन सहा-सहा महिने अडकायचं. एकदा आलेल्या सगळ्या तपासणीच्या किटची मुदत संपलेली, म्हणजे चांगल्या अर्ध्या पोत्याएवढा माल, आणि वर फोन केला तर उत्तर की तुमच्याकडच्या तपासण्या कमी का झाल्या. महिन्याला तीन रजिस्टरं भरायची आणि ती वर जायची, परत काहीच यायचं नाही. ते आम्ही आमच्यापुरतं बदललं, दर महिन्याला गावाचे आकडे गावालाच वाचून दाखवायला लागलो, कुठल्या आळीत किती ताप, किती पॉझिटिव्ह. लोक तेव्हा जे प्रश्न विचारायचे ते मला कुठल्याच आढावा बैठकीत ऐकायला मिळाले नाहीत.

पण सगळ्यात मोठं संकट मानधनाचं नाही, यशाचं आहे. श्रीलंकेत 1963 साली अख्ख्या देशात मलेरियाच्या फक्त 17 केसेस उरल्या होत्या. सतरा! मग लक्ष उडालं, फवारणी थांबली, तपासणी ढिली पडली, आणि 1969 ला आकडा पाच लाखांवर. आपल्याकडेही तेच, 1947 च्या सुमारास वर्षाला साडेसात कोटी केसेस असायच्या, 1965 पर्यंत त्या एक लाखावर आल्या, आणि 1976 ला पुन्हा 64 लाखांच्या वर. श्रीलंका पुन्हा उठली, 2012 नंतर तिथं स्थानिक मलेरिया झाला नाही आणि 2016 ला मलेरियामुक्त म्हणून प्रमाणपत्र मिळालं. चीनने एक-तीन-सात असा नियम लावला, केस एक दिवसात कळवायची, तीन दिवसात माग काढायचा, सात दिवसात त्या जागेचा बंदोबस्त, आणि 2021 ला तोही मुक्त झाला. पण एका दिवसात कळवायला गावात कुणीतरी तपासत बसलेलं लागतं ना, केस असो नसो.

आणि केस नसताना तपासत बसणं किती कंटाळवाणं असतं! आमच्या त्याच कार्यकर्तीचं रजिस्टर मी मागच्या पावसाळ्यात बघितलं, पानंच्या पानं निगेटिव्ह निगेटिव्ह निगेटिव्ह. लोक तिला म्हणायला लागले, तुझ्याकडे येऊन काय उपयोग, मलेरिया नाही म्हणतेस आणि तसंच घरी पाठवतेस. बरोबर आहे, ताप तर आहे ना! म्यानमारमध्ये अशा कार्यकर्त्यांना मलेरियासोबत खोकला, जुलाब अशा साध्या आजारांचंही काम दिलं तेव्हा मलेरियाची तपासणीही टिकली. आम्हीपण तिला मीठ-साखरेची पाकिटं आणि थर्मामीटर मिळवून दिलं, मुलांचा श्वास मोजायला शिकवलं. गर्दी परत आली. आणि त्या गर्दीतच, सलग बावन्न निगेटिव्हनंतर, एक रेघ जास्तीची आली, परगावाहून कामावरून आलेला एक माणूस, खोकल्याचं औषध मागायला आलेला. संध्याकाळपर्यंत त्याच्या शेजारच्या सगळ्या घरांचं रक्त तपासून झालं होतं. त्याच रात्री तिचा फोन.

"ताई, एक निघाला. बाकी सगळे निगेटिव्ह, मी परत पंधरा दिवसांनी तपासणार आहे. किट संपत आल्यात, पाठवा. आणि यावेळी पाकिटावरची तारीख बघून पाठवा."